आठ मुलं, ऐंशी तास : वाचनाच्या शिकवणीने मेंदूत काय बदललं

२००२ साली ‘न्यूरॉलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा अभ्यास छापून आला. अमेरिकेत ह्यूस्टन इथल्या टेक्सास विद्यापीठाच्या आरोग्यविज्ञान केंद्रात पानायोटिस सिमोस, जॅक फ्लेचर, अँड्र्यू पापानिकोलाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला होता. त्यात डिस्लेक्सियाचं, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन अडण्याचं, निदान झालेली मुलं होती फक्त आठ, वयं ७ ते १७. त्यांना दोन महिन्यांत ऐंशी तास वाचन शिकवलं गेलं. वाचताना त्यांच्या मेंदूत काय चालतं, हे त्या शिकवणीच्या आधी आणि नंतर मोजलं गेलं.

या अभ्यासाचा निष्कर्ष सहसा ‘शिकवल्याने मेंदू बदलतो’ एवढ्या एकाच वाक्यात सांगितला जातो. ते खरंच आहे. पण त्यात आणखी एक मोजमाप आहे, आणि त्याच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. वर्गात पुस्तक उघडून बसलेल्या मुलाच्या दृष्टीने मला तेच जास्त मोलाचं वाटतं. म्हणून हे प्रकरण सुरुवातीपासून नीट मांडते आहे.

मुलं कोण होती

अडखळत वाचणारं प्रत्येक मूल डिस्लेक्सियाचं नसतं. कुणाची नजर कमजोर असते, कुणाला शाळाच नीट मिळालेली नसते, कुणी घरात एक भाषा बोलतं आणि शाळेत दुसरी वाचतं. ह्यूस्टनच्या आठ मुलांची अडचण मात्र नेमकी होती. सुटा शब्द ओळखणं त्यांना फार कठीण जायचं, आणि त्याहून कठीण जायचं ते शब्दातले ध्वनी वेगळे करणं.

ही दुसरी गोष्ट समजून घेतल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. आपण बोलतो तेव्हा ध्वनी सुटे सुटे बाहेर पडत नाहीत, ते एकमेकांत मिसळून येतात. ‘कॅट’ हा इंग्रजी शब्द कानाला एकच झटका असतो. तो क्, ॲ आणि ट् अशा तीन ध्वनींचा आहे हे लक्षात आलं, तरच सी, ए, टी ही तीन अक्षरं त्या ध्वनींशी जोडता येतात. बहुतेक मुलांना ही जोडणी थोड्या शिकवण्याने जमून जाते. डिस्लेक्सियाच्या बहुसंख्य मुलांचं घोडं नेमकं इथेच अडतं. बुद्धी चांगली असते, गोष्ट ऐकून तिचं मर्म सांगता येतं, गप्पांत ही मुलं कुठे कमी पडत नाहीत. छापील शब्द समोर आला की मात्र त्याचे ध्वनी हाती लागत नाहीत. मग अंदाजाने वाचणं सुरू होतं : पहिलं अक्षर बघायचं, चित्राकडे नजर टाकायची आणि जवळपासचा शब्द ठोकून द्यायचा.

मोजलं कसं

मोजायला ‘एमईजी’ हे तंत्र वापरलं होतं. चेतापेशींचे समूह एकत्र काम करतात तेव्हा अतिशय क्षीण चुंबकीय क्षेत्र तयार होतं. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रापेक्षा ते कोट्यवधी पटींनी क्षीण असतं. ते टिपायला लागणारे संवेदक द्रवरूप हेलियममध्ये उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड ठेवावे लागतात, आणि बाहेरच्या चुंबकीय गोंगाटापासून वाचवलेल्या खास खोलीत सगळं काम चालतं. मुलाच्या डोक्याभोवती हेल्मेटसारखं उपकरण येतं. सुई नाही, इंजेक्शन नाही, किरणोत्सर्ग नाही. फक्त फार हलायचं नाही.

एमआरआय सोडून हे तंत्र का? फंक्शनल एमआरआय रक्तातल्या प्राणवायूचा बदल टिपतं, आणि तो बदल मेंदूच्या कामामागून काही सेकंदांनी येतो. एक शब्द वाचायला तर सेकंदाहून कमी वेळ लागतो. त्या सेकंदाच्या आत कोणता भाग आधी जागा झाला आणि कोणता नंतर, हे एमईजी मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत, सांगू शकतं. या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा आकडा हाती लागला तो त्यामुळेच.

मुलांना पडद्यावर दोन निरर्थक शब्द दाखवले जायचे आणि विचारलं जायचं : यांचं यमक जुळतं का? निरर्थक शब्द मुद्दाम घेतले होते. खरा शब्द पाठ असू शकतो, त्याचा आकार ओळखीचा असू शकतो. ज्याला अर्थच नाही तो शब्द मात्र ध्वनी जोडूनच वाचावा लागतो. शिवाय इंग्रजीत डोळ्यांवर विसंबून यमक जुळवता येत नाही. होडी या अर्थाचा ‘बोट’ आणि ‘नोट’ हे शब्द घ्या. एकाचं स्पेलिंग बी-ओ-ए-टी, दुसऱ्याचं एन-ओ-टी-ई. डोळ्यांना ते वेगळे दिसतात, कानाला मात्र यमक ऐकू येतं. थोडक्यात, मूल आपल्या सगळ्यात दुबळ्या जागी उभं राहील अशीच ही चाचणी होती.

शिकवण्याआधी

सहज वाचणाऱ्या मुलांत हे काम मुख्यतः मेंदूच्या डाव्या बाजूला चालतं. कानाच्या थोडं वर आणि मागे, टेम्पोरल लोबच्या वरच्या वळीचा मागचा भाग इथे कामाला लागतो. बोलण्यातल्या ध्वनींचं विश्लेषण करणारा हा भाग आहे. तुलनेसाठी घेतलेल्या, वाचनाची कधीच अडचण नसलेल्या आठ मुलांत तो ठळकपणे जागा होताना दिसला.

डिस्लेक्सियाच्या आठही मुलांत तो जवळपास शांत होता. त्याऐवजी उजव्या बाजूचा तसाच भाग जोरात काम करत होता.

इथे थोडं थांबून सांगायलाच हवं. ‘लक्ष देत नाही’, ‘आळशी आहे’, ‘मनावर घेतलं तर येईल’ ही वाक्यं अशा मुलांनी किती वेळा ऐकलेली असतात! मोजमाप काय दाखवतं? मेंदू रिकामा बसलेला नव्हता. तो राबत होता, पण ज्या भागाला हे काम जमतं तो सोडून भलत्याच भागाकडून. जितकं जास्त रेटावं तितकं त्याच भागाला राबवलं जाणार. ‘पुन्हा वाच, नीट बघून वाच’ असं म्हणत तेच पान चार वेळा वाचायला लावण्याने काही हाती का लागत नाही, याचं उत्तर मला इथे दिसतं.

ऐंशी तासांत काय केलं

दोन महिन्यांत ऐंशी तास म्हणजे आठवड्यातले पाच दिवस, रोज साधारण दोन तास. शिकवणं एकास एक, म्हणजे एक शिक्षक आणि एक मूल. ‘फोनो-ग्राफिक्स’ आणि ‘लिंडामूड’ असे दोन कार्यक्रम वापरले गेले. दोघांचा गाभा एकच : आधी ध्वनी, मग त्याचं अक्षर, मग शब्द, आणि हे सगळं उघडपणे, क्रमाने, काहीही गृहीत न धरता.

प्रत्यक्षात अशी शिकवणी कशी चालते? लिंडामूड पद्धतीत मूल आरशासमोर बसून आपलं तोंड बघतं. ‘प्’ म्हणताना ओठ मिटतात आणि फटकन सुटतात. ‘ब्’ म्हणतानाही ओठांचं तसंच होतं. मग फरक कुठे? दोन बोटं गळ्यावर ठेवायची. ‘ब्’ला तिथे थरथर लागते, ‘प्’ला लागत नाही. कानाला जो भेद निसटतो तो आता ओठांना आणि बोटांना कळतो. ‘ट्’ला जिभेचं टोक वर टेकतं, ‘क्’ला जीभ मागे घशाजवळ उचलली जाते. ज्याला ध्वनी ऐकून वेगळे करता येत नाहीत, त्याला ते असे तोंडात सापडतात.

त्यानंतर अक्षरांच्या पट्ट्या येतात. ‘मॅप’ लावला. आता ‘मॉप’ कर : मूल मधली एक पट्टी बदलतं. ‘टॉप’ कर : पहिली बदलतं. ‘स्टॉप’ कर : इथे मूल हमखास अडतं, कारण आता पट्टी बदलायची नसून आणखी एक घालायची आहे, आणि ‘स्ट्’मध्ये दोन ध्वनी आहेत हे त्याला अजून ऐकू आलेलं नसतं. शिक्षक उत्तर सांगत नाही. ‘तू लावलंस ते वाच. मी म्हटलं ते आणि हे सारखं आहे का?’ एवढंच विचारतो. मूल वाचतं, थांबतं, पुन्हा स्वतःशी पुटपुटतं आणि ‘एस’ची पट्टी उचलतं. असा एकेक ध्वनी, तासन्‌तास. बाहेरून बघणाऱ्याला हे कंटाळवाणं वाटेल. रोज हे काम करणाऱ्या विशेष शिक्षकांबद्दल मला वाटणाऱ्या आदराचं कारण मात्र हेच आहे.

नंतर

मुलांचं वाचन सुधारलं, आणि ती सुधारणा डोळ्यांत भरण्याजोगी होती. दुसऱ्यांदा मेंदूचं मोजमाप झालं तेव्हा डाव्या बाजूचा तो शांत असलेला भाग आता काम करत होता. एका-दोघांत नव्हे, आठही मुलांत तिथलं काम कित्येक पटींनी वाढलं होतं. तुलनेच्या मुलांची मोजमापंही दोन महिन्यांच्या अंतराने दोनदा झाली होती, आणि त्यांच्यात असा काहीच बदल दिसला नाही. म्हणजे नुसते दोन महिने गेले, किंवा यंत्राची सवय झाली, एवढ्याने हे घडत नाही.

सतरा वर्षांपर्यंतची मुलं यात होती हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. ‘आता वय निघून गेलं’ असं ऐकून गप्प बसलेल्या घरांनी तर नक्कीच. लवकर सुरुवात केलेली केव्हाही बरी, पण उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही.

८३७ आणि ६००

आता तो आकडा. प्रशिक्षणानंतर डिस्लेक्सियाच्या मुलांत डावीकडचं काम शिखराला पोहोचत होतं, शब्द दिसल्यापासून सरासरी ८३७ मिलिसेकंदांना. वाचनाची अडचण कधीच नसलेल्या मुलांत ते पोहोचत होतं ६०० मिलिसेकंदांना.

म्हणजे काम योग्य जागी आलं होतं, पण उशिराने होत होतं. जवळजवळ पाव सेकंदाने.

अभ्यासाच्या शीर्षकात मेंदूतली ही घडण यशस्वी प्रशिक्षणानंतर नॉर्मल होते असं म्हटलं आहे. जागेपुरतं बघितलं तर ते बरोबर आहे, पण वेळेपुरतं बघितलं तर मला ते पटत नाही. हा आकडा निरर्थक शब्दांच्या जोडीवर मिळालेला आहे, त्यामुळे तो पानावरच्या शब्दांच्या संख्येने गुणून काही काढू नये. पण त्याचा अर्थ वर्गात रोज दिसतो. प्रशिक्षणानंतर मूल शब्द बरोबर वाचायला लागतं. सगळ्यांना हायसं वाटतं, शिकवणी थांबते. आणि मग तक्रार येते, ‘वाचतो बरोबर, पण वाचलेलं कळत नाही.’ का कळत नाही? एकेका शब्दावर इतका वेळ आणि इतकी ताकद जाते की वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत वाक्याची सुरुवात निसटलेली असते. आकलन कमी आहे असा शिक्का बसतो. तोच उतारा दुसऱ्या कुणी वाचून दाखवला तर हे मूल प्रश्नांची धडाधड उत्तरं देतं.

अचूकता आणि वेग ही दोन वेगळी कामं आहेत, आणि पहिलं झालं म्हणून दुसरं आपोआप होत नाही. परीक्षेत अशा मुलाला जादा वेळ देणं म्हणजे सवलतीची खैरात, असं मानणारे अजूनही भेटतात. बरोबर उत्तरापर्यंत पोहोचायला त्या मेंदूला खरोखरच जास्त वेळ लागतो, हे मोजून दाखवलेलं आहे.

पाच वर्षांनी

याच गटाने २००७ मध्ये पुढचा अभ्यास छापला, आणि माझ्या मते तो वाचल्याशिवाय पहिला पूर्ण होत नाही. या वेळी मुलं होती पंधरा. पहिलीच्या वर्गात चांगलं शिकवूनही ज्यांच्यात पुरेशी सुधारणा झाली नव्हती अशी, म्हणजे आणखी कठीण गट. आठ आठवडे रोज दोन तास ध्वनी आणि अक्षरांची जोडणी, आणि त्यानंतर आठ आठवडे रोज एक तास फक्त शब्द झटपट ओळखण्याचा सराव. वेग आपोआप येत नाही, तर तो शिकवूया, असा विचार त्यामागे दिसतो.

पंधरापैकी आठ मुलांचं वाचन ठळकपणे सुधारलं. त्यांच्या मेंदूत डाव्या बाजूचा टेम्पोरल आणि त्याच्या वरच्या परायटल लोबच्या सीमेवरचा भाग जास्त काळ काम करू लागला. तो भाग आणि पुढचा, बोलण्याशी संबंधित भाग यांच्यात आधी कोण आणि नंतर कोण हा क्रमही सहज वाचणाऱ्या मुलांसारखा होऊ लागला. म्हणजे वेळेचं गणितही हलू शकतं.

उरलेल्या सात मुलांत पुरेशी सुधारणा झाली नाही. पण त्यांचे मेंदू बदललेच नाहीत असं नाही. त्यांच्यात उजव्या बाजूचा भाग आणि दोन्हीकडचे पुढचे भाग जास्त काळ काम करू लागले. शिकवणीला मेंदूने प्रतिसाद दिला, पण जुन्याच आडवाटेला आणखी जोर लावून. या सात मुलांबद्दल लोक फार कमी बोलतात, आणि मला त्याचं वाईट वाटतं. तीच शिकवणी, तितकेच तास, आणि तरी जमलं नाही. त्यांनी कष्ट केले नाहीत असं म्हणायला त्यांची मोजमापं जागा ठेवत नाहीत.

कशावर विसंबावं, कशावर नाही

२००२ च्या अभ्यासाची मोठी उणीव उघड आहे. मुलं आठच, आणि डिस्लेक्सिया असूनही प्रशिक्षण न मिळालेला गट तुलनेला नव्हता. ती जागा काही अंशी येल विद्यापीठातल्या सॅली आणि बेनेट शेविट्झ यांच्या २००४ च्या अभ्यासाने भरून काढली. तिथे सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना शाळेच्या वर्षभर रोज ५० मिनिटं ध्वनींवर आधारलेली एकास एक शिकवणी दिली. शाळेत नेहमीची मदत मिळणाऱ्या मुलांचा गट तुलनेला होता. खास शिकवणी मिळालेल्या मुलांचं वाचन जास्त ओघवतं झालं. शिकवणी संपून वर्ष उलटल्यावर केलेल्या एमआरआयमध्ये, शब्दाचं रूप बघताक्षणी ओळखण्याशी जोडला जाणारा डावीकडचा मागचा-खालचा भागही काम करताना दिसला. सवयीच्या वाचकाचा वेग बराचसा याच भागावर अवलंबून असतो.

नुसत्या कामातच नव्हे, तर मेंदूच्या जोडणीतही बदल दिसले आहेत. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या टिमथी केलर आणि मार्सेल जस्ट यांनी २००९ मध्ये शंभर तासांच्या प्रशिक्षणानंतर आठ ते दहा वर्षांच्या मुलांच्या श्वेत द्रव्यात, म्हणजे मेंदूचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या तंतूंत, सुधारणा नोंदवली. तिचं स्वरूप बघता तंतूंवरचं मायलिनचं आवरण वाढलं असावं असा त्यांचा कयास आहे. वायरवरच्या वेष्टणासारखं हे आवरण जाड झालं की संदेश वेगाने जातो.

मात्र मेंदूच्या चित्रांनी भुरळ पडू देऊ नये. २००३ मध्ये संगणकावर ध्वनी ऐकवून प्रशिक्षण देणाऱ्या एका कार्यक्रमानंतर डिस्लेक्सियाच्या वीस मुलांच्या मेंदूत बदल दिसल्याचा अभ्यास गाजला. पुढे २०११ मध्ये त्या कार्यक्रमाच्या चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या तेव्हा मुलांचं वाचन त्याने सुधारतं असा पुरावा मिळाला नाही. स्कॅनवर रंग उमटला म्हणजे कार्यक्रम उपयोगी ठरला, असं होत नाही. २०२२ मध्ये वाचन-प्रशिक्षण आणि मेंदूवरच्या ३९ अभ्यासांचा आढावा निघाला. त्यातल्या ज्या आठ एमआरआय अभ्यासांचे आकडे एकत्र जोडता आले, त्यांत सगळीकडे सारखाच बदलणारा एकही भाग ठामपणे हाती लागला नाही. अभ्यासांची पद्धत वेगळी, मुलांची वयं वेगळी, शिकवणी वेगळी. शिवाय ह्यूस्टनच्या सात मुलांनी दाखवलं तसं, मेंदू वेगवेगळ्या वाटांनी जातात. त्यामुळे ‘आमच्या कोर्सने मेंदूचा अमुक भाग सक्रिय होतो’ असं कुणी विकायला आलं, तर मुलांचं वाचन किती सुधारलं ते आधी विचारावं.

आपल्या लिपीचं काय

ही सगळी मोजमापं इंग्रजी वाचनाची आहेत. देवनागरीत अक्षराचा उच्चार बराचसा ठरलेला असतो, ‘बोट’ आणि ‘नोट’ यांच्यासारखा घोटाळा तिथे होत नाही. पण देवनागरीच्या स्वतःच्या अडचणी आहेत. ‘दिवस’मधली वेलांटी आधी दिसते आणि नंतर उच्चारली जाते. ‘कर्म’मधला र् उच्चारात म च्या आधी येतो, कागदावर मात्र म च्या डोक्यावर बसतो. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रातल्या नंदिनी सिंग यांच्या गटाने २०११ मध्ये हिंदी आणि इंग्रजी दोन्ही सहज वाचणाऱ्यांचा अभ्यास केला. लहानपणापासून दोन्ही लिपी एकत्र शिकलेल्यांत, हिंदी वाचताना आणि इंग्रजी वाचताना मेंदूचे वेगवेगळे भाग पुढे येतात असं त्यांना आढळलं. म्हणून ह्यूस्टनची शिकवणी आरसा आणि पट्ट्यांसकट जशीच्या तशी उचलून मराठीत आणण्यात अर्थ नाही. ध्वनी तोंडात शोधणं आणि एका वेळी एकच बदल करणं ही तत्त्वं घ्यावीत. सराव मात्र काना-मात्रा, रफार आणि जोडाक्षरांवर बेतावा.

यातलं काहीच करायला घरी किंवा शाळेत मेंदूचं यंत्र लागत नाही, हे पालकांना आवर्जून सांगते. २००७ च्या त्या पंधरांपैकी कोण आठांत आणि कोण सातांत, हे शेवटी त्यांच्या वाचनावरूनच ठरलं होतं. आठवड्यातून एकदा मुलाच्या पातळीचा नवा उतारा घ्या, एक मिनिट मोठ्याने वाचू द्या, आणि बरोबर वाचलेले शब्द मोजून तारखेसह लिहून ठेवा. चुका कमी झाल्या पण शब्दांची संख्या हलत नसेल, तर ध्वनींची शिकवणी थांबवायची घाई न करता वेगाचा सराव वेगळा सुरू करायचा : तोच छोटा उतारा तीन-चारदा, आधी मोठ्यांबरोबर, मग एकट्याने. चुकाही तशाच राहिल्या असतील आणि शब्दही तेवढेच असतील, तर पद्धत, तास किंवा गटाचा आकार बदलायला हवा. ती वही घेऊन त्याच आठवड्यात शिक्षकांना भेटावं. वर्ष संपायची वाट बघू नये.